सत्यशीलेची घोंगडी

१

दवाखान्याच्या मागं पत्र्याचं एक शेड होतं. पेशंटसोबत आलेली माणसं तिथं राहायची, तीन दगड मांडून चूल पेटवायची. नामाजीची चूल सगळ्यांच्या आधी पेटायची. सवयच तशी. जन्म मेंढरांमागं गेला, आणि मेंढरू काही ऊन वर येईस्तोवर वाट बघत नाही. तो स्वतः भाकरी थापायचा. रानोमाळ हिंडणाऱ्या गड्याला सगळं यावंच लागतं. गरम भाकरी दुधात कुस्करायचा, वर गुळाचा खडा ठेवायचा आणि डबा घेऊन बायकांच्या वार्डाच्या दारात जाऊन उभा राहायचा. शिला सिस्टर कुलूप काढायची आणि रोज तेच म्हणायची,

"आलात मामा? या. आज तरी खातील."

"व्हय सिस्टर," नामाजी म्हणायचा.

आणि भरलेला डबा दिवस मावळताना तसाच परत न्यायचा.

हा दवाखाना वसमतच्या रस्त्याला, हळदीच्या शेतांच्या मधोमध. मनाच्या आजारांचा. वार्ड म्हणजे एक लांबलचक खोली, दोन्ही अंगांना खाटा, खिडक्यांना जाळ्या, फिनाइलचा वास. खाटांवर हिरव्या रेक्झिनच्या गाद्या. पुसायला सोप्या म्हणून त्या तशा. पण माणसाच्या अंगाला रेक्झिन नको वाटतं. घाम आला की चिकटतं, कूस बदलली की कर्रकन वाजतं. पारुबाई म्हणून एक म्हातारी पेशंट होती, वार्डात सगळ्यात जुनी. ती म्हणायची, "ह्या गादीवर पडलं की वाटतं, मला कुणी पिशवीत बांधून बाजारातून आणलं. वांग्यासारखं."

बायका हसायच्या. नामाजीची बायको चांगुणाबाई तेवढी हसायची नाही. ती गादीवर बसायचीच नाही. खाटेच्या पायाशी, उघड्या फरशीवर, भिंतीला टेकून बसायची. रेक्झिनला हात लागला तर चटका बसल्यासारखा मागं घ्यायची.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, असं काहून करतात म्हणून. नामाजीला माहीत होतं. पण तो डबा उचलून बाहेर पडला.

२

त्यांच्या गावच्या, साखऱ्याच्या शिवारात, त्यांच्या माळाला लागून, एकानं शेततळं केलं होतं. मोठा चौकोनी खड्डा, त्यात काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, म्हणजे पाणी जमिनीत मुरत नाही. पावसाळा सरला की तळं काठोकाठ भरलेलं. कागदावर शेवाळ धरतं. आत गेलेल्याला पाय रोवायला काही म्हणजे काही सापडत नाही.

त्या दिवशी एक कोकरू कळपातून सुटून तिकडं गेलं. चांगुणाबाईनं लेकीला हाक मारली, "सत्ये, ते कोकरू बघ गं जरा." एवढंच. आई लेकीला दिवसातून पन्नासदा काही ना काही सांगते, तसंच.

सत्यशीला गेली. अंगावरची घोंगडी तिनं काढून काठावर ठेवली, घडी घालून. पोरगी तशी टापटिपीची. कोकराला तिनं वर ढकललं. कोकरू जगलं.

तळ्याच्या कागदावर, शेवाळात, नखांच्या रेघा होत्या. वरून खाली गेलेल्या. गावातल्या माणसांनी पाहिल्या. नामाजीनंही पाहिल्या. चांगुणाबाईला कुणी दाखवल्या नाहीत. पण त्या दिवसापासून गुळगुळीत चिजेला तिनं हात लावला नाही, आणि हळूहळू खाणंही सोडलं.

सोळा वर्षांचं लेकरू. लांब वेणी घालायची, आणि वेणीच्या टोकाला रिबीन नाही, पांढऱ्या लोकरीचा पिळा बांधायची. मेंढरं बोलवायची तिची रीत न्यारी. जीभ टाळूला लावून टक् टक् असा आवाज काढायची. नामाजीला तो कधी जमला नाही. बाकीचे हुर्र हुर्र करून दमायचे, ही दोनदा टक् टक् करायची आणि कळप मागं.

घोंगडी लहान, काळी, पांढऱ्या काठाची. चांगुणाबाईनंच तिची लोकर कातली होती. नामाजीनं ती दवाखान्यात सोबत आणली होती, गाठोड्याच्या तळाशी. बायकोला द्यावी म्हणून आणली, पण बाहेर काढायची छाती झाली नाही.

३

चांगुणाबाईच्या शेजारच्या खाटेवर निता होती. वीस-एकवीसची, वसमतची. आई ती लहान असतानाच गेलेली. भाऊ योगेश हळदीच्या मोंढ्यात, बाजारात, पोती उचलायचा, सीजन चालू, म्हणून रविवारी तेवढा यायचा. उवा झाल्या म्हणून तिचे केस बारीक कापले होते, पोरासारखे. गुडघे पोटाशी घेऊन ती बसायची, आणि बाहेर ऊन मी म्हणत असताना थरथरायची.

"मामा," ती नामाजीला म्हणायची, "माझ्या अंगावर जड कायतरी टाका न. मी उडून जाईन."

दवाखान्याची चादर पातळ. ती चारपदरी करून द्यायचा तो. तरी ती म्हणायची, "हे न्हाई. जड."

नामाजी ऐकायचा. फरशीवर बसलेल्या बायकोकडं बघायचा, खाटेवर थरथरणाऱ्या पोरीकडं बघायचा. एकीला लेकरू नाही, एकीला आई नाही, आणि मधे हातभर जागा.

आता मेंढपाळाच्या घरात एक रीत असते. मेंढीचं कोकरू मेलं, तर ती त्या जागेवरून हलत नाही. बें बें करून गळा बसतो, दुधानं कास दगडासारखी होते, चारा घेत नाही. आणि कळपात कुठंतरी एखादं बिनआईचं कोकरू भुकेनं मरत असतं. ते तिच्याखाली लावलं तर ती डोक्यानं ढुशी देऊन उडवते. वास दुसरा असतो ना. मग मेंढपाळ काय करतो, की मेलेल्या कोकराचं कातडं काढतो आणि त्या पोरक्याच्या पाठीवर बंडीसारखं बांधतो. मेंढी येते, मानेमागं हुंगते, तोंड फिरवते. पुन्हा हुंगते. आणि मग उभी राहते. कोकरू पितं. दोन जीव वाचतात.

माणसं म्हणजे मेंढरं नव्हेत, हे नामाजीलाही कळत होतं. पण ज्याला जे औषध ठाऊक, तेच त्याच्या हातात येतं.

एका दुपारी त्यानं गाठोडं सोडलं आणि घोंगडी निताच्या खांद्यावरून टाकली.

शिला सिस्टरनं दारातून विचारलं, "घरचं पांघरूण का मामा? धुतलेलं आहे ना?"

"व्हय," नामाजी म्हणाला.

धुतलेलं नव्हतं. कातडं कधी धुवायचं नसतं.

निताचं थरथरणं थांबलं. "टोचतंय," ती म्हणाली, आणि घोंगडी अजूनच घट्ट ओढून घेतली.

फरशीवर चांगुणाबाईची मान वर झाली. आधी नाक. लोकरीचा वास, घोंगडीला लावलेल्या चिंचोक्याच्या खळीचा वास, आणि त्याखाली तिला एकटीलाच ओळखू येणारा आणखी एक. ती उठली. खाटेपाशी आली. पोरीच्या मानेमागं वाकली आणि श्वास घेतला. तोंड फिरवलं.

नामाजीनं धोतराचा सोगा मुठीत धरला.

ती पुन्हा वाकली. बराच वेळ. मग रेक्झिनच्या त्या गादीवर, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, टेकून बसली. तिनं डबा पुढं ओढला, दूधभाकरीचा घास केला आणि पोरीच्या तोंडाला लावला. पोरगी खाऊ लागली. दुसरा घास चांगुणाबाईनं स्वतः खाल्ला.

नामाजी शेडच्या मागं जाऊन ढसाढसा रडला.

४

पुढचे दिवस म्हणजे सणाचे दिवस.

दोघी एका ताटात जेवायच्या. निताला झोप लागू लागली. वार्डातल्या इतर बायकाही खाटेभोवती यायच्या, घोंगडीचा काठ हातात घ्यायच्या, गालाला लावायच्या. "टोचतंय गं बाई, पण बरं वाटतंय," म्हणायच्या. एक बाई कुणाला शिवू द्यायची नाही, तीही येऊन काठाला बोट लावून गेली.

पारुबाई म्हणाली, "दाजी, आमाला बी आणा की एक घोंगडी. म्हातारी मेंढी हाय म्हनून काय झालं?"

"तुमाला लोकर पुरायची न्हाई पारुबाई."

"बघा गं, बायको जेवाया लागली तशी म्हाताऱ्याला जीभ फुटली!"

सगळा वार्ड हसला, आणि चांगुणाबाईसुद्धा. नामाजीनं ते हसू डोळ्यांत साठवून ठेवलं.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. गोळ्या लागू पडल्या म्हणाल्या. नामाजीनं मान हलवली. गोळ्याही असतीलच.

एक गोष्ट मात्र त्याला ठाऊक होती, आणि तो ती मनात मागं मागं ढकलत होता. कातडं कायमचं ठेवायचं नसतं. चार-पाच दिवसांत कोकराच्या अंगाला मेंढीच्या दुधाचा वास धरतो, मग कातडं उतरवायचं आणि लांब नेऊन पुरायचं, वर दगड ठेवायचे. उशीर केला तर ते खालच्या जिवाला धरतं. चांगल्या मेंढपाळाची पारख बांधण्यात नाही, उतरवण्यात असते.

उद्या काढू, तो रोज म्हणायचा. आणि सकाळी बायको दारातच विचारायची, "आज गूळ आणला का? सत्येला लागतो."

५

घोंगडीचा काठ ओला असायचा.

आधी त्याला वाटलं, फरशी पुसणाऱ्या बाईचा पोचा लागला असेल. शिला सिस्टरला वाटलं, पोरगी झोपेत अंथरूण ओलं करते. तिनं चादर बदलली, गादी पुसली. गादी कोरडी होती. नामाजीनं काठ नाकाशी नेला. शेवाळाचा वास. वार्डाच्या मागच्या पाण्याच्या टाकीला शेवाळ आहेच, त्यानं स्वतःला सांगितलं.

मग वेणी.

दुपारच्या जेवणानंतर चांगुणाबाई निताला पुढ्यात घेऊन बसायची आणि केस विंचरायची. पोरीच्या डोक्यावर बोटभर केस. तरी तिचे हात मानेच्या खाली, पाठीच्या मध्यापर्यंत यायचे. तीन पदर घेतल्यासारखी बोटं चालायची, एकावर एक, एकावर एक, घोंगडीवर, हवेत. शेवटी गाठ मारल्यासारखं करायची. दुःखी आईचे हात, त्यांना सवय असणारच, नामाजीनं मनाची समजूत घातली. पण विंचरून झालं की ती हात लुगड्याला पुसायची, आणि लुगड्यावर बोटांचे ओले डाग उमटायचे.

एक दिवस तो दारातून डबा घेऊन येत होता. निता खाटेवर पाय सोडून बसली होती, तोंड खिडकीकडं. जाळीबाहेर लांबवर कुणाची तरी शेळ्या-मेंढरं चालली होती. पोरीनं जीभ टाळूला लावली.

टक् टक्.

बाहेर रस्त्यावर कळप थांबला. एकूण एक मेंढरानं मान वळवली, खिडकीकडं.

नामाजीनं डबा खाली ठेवला. चांगुणानं शिकवलं असेल, तो मनाशी म्हणाला. शेजारी शेजारी खाटा. माणूस माणसाचं उचलतं. पण चांगुणालाही तो आवाज कधी जमला नव्हता.

निता वळली. तिचे डोळे तिचेच होते, नाक तिचंच.

"बापू," ती म्हणाली, "कोकरू वर निघालं का?"

ती आजवर त्याला मामा म्हणायची.

६

दुपारी औषधं दिली की वार्ड झोपायचा. पंखा फिरायचा, जाळीतून ऊन खाटांवर पडायचं. त्या शांततेत नामाजीला पहिल्यांदा ते ऐकू आलं.

कर्र. थोडं थांबून, कर्र.

पोरगी झोपलेली, चेहऱ्यावर काही नाही. घोंगडीतून एक हात बाहेर आलेला आणि त्याची नखं रेक्झिनवर चालत होती. उशीच्या दिशेनं वर जायची. कर्र. मग घसरून खाली यायची. पुन्हा वर. नखं तुटलेली, बोटं हुळहुळलेली. गादीवर पांढऱ्या रेघा.

त्यानं हात धरला. गार. बोटांची टोकं सुरकुतलेली, पांढरीफटक, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी. धुण्याच्या बादलीत हात घातला असेल. असेल. त्यानं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ऊब दिली. हात ऊब घेईना.

"दाजी."

पलीकडच्या खाटेवर पारुबाई जागी होती. आज तिच्या तोंडावर थट्टा नव्हती.

"त्या खाटेवर दोघी झोपतात. जागा पुरत न्हाई त्यायला. खालची वर येऊन राहिली."

"काय बोलता पारुबाई."

"मला काय, मी येडी," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं. "पण वरची लई बारीक झाली, दाजी. बघा जरा."

त्यानं बघितलं. खरंच, पोरगी उतरली होती. खात होती दोघींचं, आणि उतरली होती.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावलं. खुर्चीवर बसवलं. त्या मायेनं बोलायच्या.

"मामा, चांगुणाबाईंना बरं वाटतंय ते मला दिसतंय. पण निता नावानं हाक मारली तर आता ओ देत नाही. तिला स्वतःला धरून ठेवायला आधीच फार कष्ट पडतात हो. तिला सत्यशीला म्हणू नका. आणि दोघींच्या खाटा मी जरा लांब करणार आहे, हळूहळू."

"बराबर हाय बाई," नामाजी म्हणाला. घोंगडी उद्या काढतो, हे म्हणाला नाही.

रविवारी योगेश आला. अंगाला हळदीचा पिवळा रंग, पिशवीत पेरू. "निते!" त्यानं दारातूनच हाक मारली.

पोरगी चांगुणाबाईच्या आड सरकली. "माय, हा कोन?"

"मी योग्या हाय गं. असं काहून करून राहिली? तुला पेरू आनले. मीठ बी आनलं."

ती त्याच्याकडं बघत राहिली, अनोळखी गड्याकडं बघावं तशी. चांगुणाबाईनं तिच्यावर घोंगडी ओढली आणि म्हणाली, "लेकराला भेवडावू नको रे बाबा."

योगेश बाहेर पायरीवर येऊन बसला. नामाजी शेजारी टेकला. मोठा गडी, शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणारा, आणि त्याचा खालचा ओठ लहान पोरासारखा हलत होता.

"मागच्या खेपेला वळखत व्हती, मामा. मला शिव्या बी दिल्या, उशिरा आला म्हनून. आई गेली तवा ही एवढीशी. मी हिला काखेत घेऊन शाळेत बसायचो. सर हाकलून द्यायचे." त्यानं नाक पुसलं. "मला हिच्याबिगर कोन हाय? तुमी हाव म्हनून मोंढ्यात हात चालतात माझे. सिस्टर सांगत व्हत्या, तुमी हिला सोताची घोंगडी दिली. लई उपकार झाले, मामा."

त्यानं एक पेरू नामाजीच्या हातात ठेवला. नामाजीनं तो धरून ठेवला. खाता आला नाही, खिशात टाकला.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी शिला सिस्टर चांगुणाबाईला डॉक्टरीणबाईंकडं बोलायला घेऊन गेली. वार्ड झोपला होता. नामाजी निताच्या खाटेपाशी गेला.

"पोरी," तो म्हणाला. कोणत्या पोरीला म्हणाला, ते त्याचं त्याला ठाऊक नाही. "पोरी, आता बास."

त्यानं घोंगडीच्या काठाला हात घातला. लोकर ओलीचिंब, जड, पाण्यातून मेंढरू ओढावं तशी. कातडं अंगाला धरलं की ते सहजी निघत नाही, ओढावं लागतं, हे त्याच्या हातांना माहीत होतं. त्यानं ओढलं. घोंगडी निघेना. निता तर निजलेली होती, तिचे दोन्ही हात छातीवर होते, दिसत होते. तरी आतून कुणीतरी घोंगडी धरली होती.

कर्र, खाली गादीवर वाजलं. कर्र. कर्र. भराभरा.

तेवढ्यात खाटेच्या कडेवरून काहीतरी खाली लोंबलं. लांब, काळं, निथळणारं. टोकाला पांढऱ्या लोकरीचा पिळा. फरशीवर एक थेंब पडला. मग ते सावकाश, घोंगडीच्या आत, मागं ओढलं गेलं.

त्याला वाटलं, घोंगडी वर करावी. एकदा बघावं. एकदाच.

त्यानं डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून ओढलं.

घोंगडी निघाली. डोळे उघडले तेव्हा खाटेवर एकच पोरगी होती, बोटभर केसांची. ती उठून बसली. इकडं तिकडं बघितलं.

"मामा?" ती म्हणाली. "मला लई भूक लागली. योग्या आला व्हता का? त्यानं पेरू आनले का?"

नामाजीनं खिशातला पेरू काढून तिला दिला. मग त्याचं लक्ष दाराकडं गेलं.

चांगुणाबाई उभी होती. किती वेळची, देव जाणे. ती ओरडली नाही. निताकडं तिनं बघितलंही नाही. नामाजीच्या हातातल्या घोंगडीकडं बघत होती, आणि घोंगडीचं पाणी फरशीवर टपटपत होतं.

"ती बुडाली तवा तुमी तिथं नव्हता," ती म्हणाली. आवाज अगदी हळू, दाण्यासारखा कोरडा. "म्हनून मी तुमाला कायबी बोलले न्हाई. आज तर व्हता."

आणि ती खाटेच्या पायाशी, उघड्या फरशीवर, भिंतीला टेकून बसली.

८

निता बरी झाली. योगेश तिला घरी न्यायला आला तेव्हा ती त्याला उशीर झाला म्हणून शिव्या देत होती, आणि तो हसत होता, डोळे पुसत होता. दोघं नामाजीच्या पाया पडली. त्यानं दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. निताचं डोकं गरम होतं, जितंजागतं.

इकडं डबा पुन्हा भरला तसा परत येऊ लागला. चांगुणाबाई सलाईनवर आली. ती सुईही उपसून टाकायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मामा, अजून नाही खाल्लं तर नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल. नळीनं पोटात अन्न घालावं लागेल. मी प्रयत्न करतेय हो, पण त्यांच्यात जगायची इच्छाच उरली नाही."

नामाजी घोंगडी घेऊन शेडच्या मागं गेला. पुरायची असते. दगड ठेवायचे असतात. त्यानं खड्डा केला, घोंगडी घडी घालून आत ठेवली. टापटिपीनं, तिच्यासारखी. मातीची मूठ भरली. मुठीतली माती खाली पडेना. बाप होता तो. एकदा त्या पोरीवर माती टाकली होती. दुसऱ्यांदा हात उघडेना.

दुपारी तो वार्डात आला तेव्हा पंखा फिरत होता, बायका झोपल्या होत्या. तो चांगुणाबाईशेजारी फरशीवर बसला. टोपी काढली. गुडघे पोटाशी घेतले, आणि ती घोंगडी डोक्यावरून पांघरून घेतली.

घोंगडी लहान. त्याचे भेगाळलेले पाय बाहेर राहिले. लोकर मानेला टोचत होती. आत काळोख होता, आणि शेवाळाचा वास.

बराच वेळ काही झालं नाही.

मग त्याच्या मानेमागं श्वास आला. थांबला. दूर गेला.

नामाजी हलला नाही. पोरकं कोकरू हलत नाही, तसा.

श्वास पुन्हा आला.

"आली का बाई," चांगुणाबाई म्हणाली. तिचा हात त्याच्या टकलावरून फिरला, मानेवरून खाली पाठीपर्यंत गेला. बोटं चालू लागली, तीन पदर, एकावर एक, एकावर एक. मग डब्याचं झाकण वाजलं. दूधभाकरीचा घास त्याच्या ओठांशी आला. गुळाचा खडा होता त्यात. त्यानं तोंड उघडलं. दुसरा घास तिनं स्वतः खाल्ला. तिसराही.

शिला सिस्टर दारात थबकली. तिनं पदरानं डोळे टिपले. "खाल्लं का मामा? खाल्लं ना?"

व्हय सिस्टर, असं त्याला म्हणायचं होतं. पण जीभ टाळूला लागली.

टक् टक्.

पायांना गारवा लागला. घोट्यापर्यंत. मग पोटऱ्यांपर्यंत. किती कोकरांच्या पाठीवर त्यानं या हातांनी कातडं बांधलं असेल, खालच्या जिवाला कसं वाटतं ते कधी विचारलं नव्हतं. आणि बांधलेलं कोकराला स्वतःला उतरवता येत नाही, त्याला बाहेरचा हात लागतो, हेही आत्ता आठवलं. बाहेर तसा हात आता कुणाचा नव्हता.

चांगुणाबाई जेवत होती. घास चावल्याचा आवाज त्याला आतून ऐकू येत होता. त्याला तो आवाज गोड लागला.

"दाजी," पारुबाई आपल्या खाटेवरून हळूच म्हणाली, "जरा सरका. तिला जागा पुरत न्हाई."

नामाजी सरकला.